चीनच्या अभ्यासासाठी विद्यापीठ कोणते निवडावे?

परळच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तेव्हा त्यांना चिनी भाषा येत नव्हती. जखमी सैनिकांवर उपचार करता करता ते ती शिकले आणि पुढे तिच्यातूनच विद्यार्थ्यांना शिकवू लागले. १९४२ साली वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जीवनावरील व्ही. शांताराम यांचा चित्रपट १९४६ साली त्याच परळमधील राजकमल कलामंदिराने काढला.

गिरणगावाचा चीनशी संबंध त्याहूनही जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या गिरण्यांचे सूत फार मोठ्या प्रमाणावर चीनच्या बाजारात जात असे. पुढे जपानी सुताने ती पेठ काबीज केली. सातव्या शतकातील महाराष्ट्राचे आणि दुसऱ्या पुलकेशीचे वर्णन वाचायचे, तर ह्युएन त्संगच्या चिनी ग्रंथाकडेच वळावे लागते. गिरगावातला वा लालबागमधला एखादा विद्यार्थी बारावीनंतर चीनचा अभ्यास करू म्हणाला, तर ते वेडे धाडस समजण्याचे कारण नाही. मात्र त्याला योग्य सल्ला मिळणे अगत्याचे आहे. कारण येथे चुकीची निवड झाली तर तीन-चार वर्षे आणि कुटुंबाची पुंजी दोन्ही खर्ची पडतात.

पहिला प्रश्न विद्यापीठाचा नसून विषयाचा आहे. चिनी भाषा व साहित्याची पदवी वेगळी आणि चीनचे राजकारण, अर्थकारण वा इतिहास यांचे अध्ययन वेगळे. दुभाषी, अनुवादक किंवा शिक्षक होऊ इच्छिणाऱ्याने भाषेची पदवी घ्यावी. परराष्ट्र व्यवहार वा संशोधनाकडे जाणाऱ्यालाही भाषेवाचून गत्यंतर नाही; पण त्याने आधी भाषेची पदवी घेऊन मग पदव्युत्तर पातळीवर क्षेत्र-अध्ययनाकडे वळणे श्रेयस्कर. उलट क्रमाने गेलेले अनेक जण इंग्रजी पुस्तकांपलीकडे पोहोचत नाहीत.

मुंबईत चिनी भाषेचे प्राथमिक वर्ग चालतात, तथापि पूर्ण पदवीसाठी शहराबाहेर पाहावे लागते. शांतिनिकेतनातील विश्वभारतीचे चीना भवन १९३७ साली स्थापन झाले. प्राध्यापक तान युन-शान यांनी उभारलेल्या या संस्थेचा कल बौद्ध वाङ्‌मय व प्राचीन संबंधांकडे राहिला आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चिनी भाषेची पदवी आहे आणि आंतरराष्ट्रीय अध्ययन विद्यालयात पूर्व आशियाचे अध्ययनही होते. ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चे नाटककार गो. पु. देशपांडे याच विद्यापीठात चीनविषयाचे प्राध्यापक होते, हे मराठी नाट्यरसिकांना क्वचितच ठाऊक असते. दिल्ली विद्यापीठाचा चीनविषयक विभाग १९६२ च्या युद्धानंतर, १९६४ साली सुरू झाला; आज तो पूर्व आशियाई अध्ययन विभाग म्हणून ओळखला जातो व पदव्युत्तर शिक्षणासाठी विचारात घेण्याजोगा आहे.

पाली वा बौद्ध अध्ययनात रुची असणाऱ्याने चीना भवनाकडे विशेष लक्ष द्यावे. पुण्याचे डॉ. पु. वि. बापट यांनी ‘विमुत्तिमग्ग’ या चिनी अनुवादाच्या रूपाने टिकलेल्या ग्रंथाची ‘विसुद्धिमग्गा’शी तुलना करणारे पुस्तक १९३७ साली प्रसिद्ध केले. चिनी लिपी वाचता आली नसती तर हे काम अशक्यच होते.

माहितीपत्रक पाहताना काही गोष्टी मुद्दाम विचाराव्यात. प्राचीन चिनी शिकवितात काय? चीनमध्ये १९५६ पासून रूढ झालेली सुलभ अक्षरेच शिकवितात, की तैवानात वापरात असलेली पारंपरिक अक्षरेही? चिनी भाषकांशी प्रत्यक्ष संभाषणाची संधी किती? उच्चारांच्या बाबतीत मराठी विद्यार्थ्याची थोडी सोय आहे. ‘चमचा’तील आणि ‘चहा’तील ‘च’ आपण वेगळे उच्चारतो. चिनीतही असे दोन वर्ण आहेत. रोमन लिप्यंतरातील ‘बी’ हा वस्तुतः ‘प’ आणि ‘पी’ हा ‘फ’च्या जवळचा महाप्राण असतो, हे देवनागरीत सहज समजते. चार सुरांची सवय मात्र साऱ्यांनाच नव्याने करावी लागते. आणि ‘चहा’ हा शब्दही मुळात चिनीच!

परदेशी जाण्याचा विचार असल्यास सावधगिरी हवी. २०२० साली साथीमुळे चीनचे दरवाजे बंद झाले आणि हजारो भारतीय विद्यार्थ्यांना २०२२ पर्यंत वर्गात परतता आले नाही. मार्च २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने चीनमधील प्रवेशाबाबत सावधगिरीची सूचना काढली व पूर्वमान्यतेविना केवळ दूरस्थ पद्धतीने मिळविलेल्या पदव्यांना मान्यता नसल्याचे सांगितले. परदेशी पदवीला समकक्षता मिळेल काय, हे शुल्क भरण्यापूर्वी पाहावे; यासाठी आयोगाने २०२५ मध्ये नवे विनियम केले आहेत. तैवानचे आर्थिक व सांस्कृतिक केंद्र ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत उघडले असून तेथील विद्यापीठे व भाषा-शिष्यवृत्त्यांची विचारणा आता दिल्लीला न जाताही करता येते. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असली, तरी ती पदव्युत्तर व पीएच.डी. अभ्यासक्रमांना लागू होते, पदवीला नव्हे. पुष्कळ पालक येथेच फसतात.

देशातील केंद्रीय विद्यापीठांचे पदवी प्रवेश २०२२ पासून सामाईक प्रवेश परीक्षेद्वारे होतात. ही परीक्षा मराठी माध्यमातूनही देता येते. परंतु विद्यापीठाने मागितलेले विषय अर्जात नोंदवावे लागतात आणि अर्जाची मुदत सहसा बारावीच्या निकालापूर्वीच संपते. कनिष्ठ महाविद्यालयांच्या शिक्षकांनी ही सूचना दिवाळीच्या सुटीनंतर लगेच फलकावर लावणे योग्य ठरेल.