आकड्यासोबत त्याचे एककही

भालकी, बिदर, कलबुर्गीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत जावा शिकणाऱ्या मराठी मुलांनी हे जरूर समजून घ्यावे. चालू सर्व्हरवर जेएमएक्स या जावाच्या देखरेख-यंत्रणेतून लक्ष ठेवताना पडद्यावर ‘टाइमआउट ५००’ दिसते. पण सेकंद की मिलिसेकंद? चुकीचा अर्थ लावून आकडा बदलला, तर चालती सेवा अडते. २००६ साली आलेल्या जावा ६ मध्ये यावर उपाय मिळाला. आपण ‘@युनिट्स’ नावाचे अ‍ॅनोटेशन बनवायचे, त्यातल्या घटकावर ‘@डिस्क्रिप्टरकी’ लावायचे आणि एमबीनच्या (जेएमएक्सला दिसणाऱ्या घटकाच्या) इंटरफेसमधल्या ‘गेटटाइमआउट’वर ‘@युनिट्स’ लावून त्यात ‘मिलिसेकंद’ लिहायचे. ही माहिती डिस्क्रिप्टरमध्ये, म्हणजे एमबीनच्या वर्णनात जाते आणि जेकन्सोल या देखरेखीच्या साधनात वाचता येते. वेगळ्या कागदपत्रापेक्षा ही सोय फार मोलाची, कारण टीप कोडलाच चिकटलेली राहते. मात्र ‘@युनिट्स’चे रिटेन्शन, म्हणजे ते कुठवर टिकावे ही सूचना, ‘रनटाइम’ ठेवायला विसरू नका. नाहीतर प्रोग्राम चालताना ते अ‍ॅनोटेशन सापडतच नाही.