तक्रारीचा खर्चही मागा

ऑनलाइन मागवलेला मिक्सर बिघडलेला निघाला आणि विक्रेता पैसे परत देईना, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. विक्रेता दिल्लीचा असला तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. कळकळीनं सांगतो, वस्तूची किंमत आणि नुकसानभरपाई यांच्याबरोबर तक्रारीच्या खर्चाची मागणी वेगळी लिहा. नोटिशीचं टपाल, झेरॉक्स, वकिलाची फी, सगळ्याच्या पावत्या जपून ठेवा. कलम ३९ खाली आयोग खर्च देऊ शकतो, पूर्ण मिळेलच असं नाही. आदेशानंतरही विक्रेता पैसे देत नसेल तर कलम ७१ खाली वसुलीचा अर्ज करा. कलम ७२ मध्ये तर कैदेचीही तरतूद आहे.