काजूच्या टरफलातली आग

ओल्या काजूगरांची उसळ पानात पडण्याआधी घरातल्या कुणाची तरी बोटं काळी झालेली असतात. हिरवी बी चिरली की टरफलातून चीक फुटतो आणि लागेल तिथली कातडी भाजतो. मग काही दिवस तिची सालपटं निघत राहतात. म्हणून अनुभवी बायका हाताला आधी तेल किंवा राख चोळतात.

एवढा जहाल बंदोबस्त कशासाठी? आपण ज्याला बोंडू म्हणतो तो निव्वळ फुगलेला देठ. खरं फळ म्हणजे त्याच्या टोकाला लोंबणारी बी. वटवाघळं बोंडू पळवतात, चोखतात आणि बी दूर कुठेतरी टाकतात. झाडाला तेच हवं असतं. पण आतल्या गराच्या वजनात जवळजवळ निम्मं तेल आणि साधारण पाचवा हिस्सा प्रथिनं. असा ऐवज बोंडूबाहेर, उघड्यावर टांगायचा तर पहारा कडक हवाच.

टरफल आडवं कापून भिंगाखाली धरलं तर बाहेर चिवट थर दिसतो, आत टणक थर आणि दोहोंच्या मध्ये मधाच्या पोळ्यासारखे कप्पे. कप्प्यांत तांबूस-तपकिरी दाट तेल. टरफलाच्या वजनाचा सुमारे पाव भाग हे तेलच असतं. किडीने बाहेरचा थर पोखरला, की आधी तेलाशी गाठ.

त्यातला मुख्य घटक अ‍ॅनाकार्डिक आम्ल, सोबतीला कार्डॉल. दोन्ही रेणूंची घडण सारखीच: बेंझिनचं एक कडं आणि त्याला १५ कार्बनची लांब शेपटी. शेपटी तेलकट असल्यामुळे पेशीच्या स्निग्ध पडद्यात ती सहज शिरते. जिवाणू, बुरशी, अगदी डासांच्या अळ्यासुद्धा या आम्लापुढे टिकत नाहीत, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

काजूच्या कुळात आंबा आहे, बिब्बा आहे, जपानी लाखकाम ज्याच्या चिकावर चालतं ते झाडही आहे. या सर्वांच्या चिकात जवळपास याच घडणीचे रेणू सापडतात. बिब्ब्याचा रेणू कातडीतल्या प्रथिनांना चिकटतो. मग शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच कातडीला परकी समजून तिच्यावर तुटून पडते. हे घडायला एक-दोन दिवस जातात, म्हणून बिब्बा उतला हे उशिरा कळतं. काहींना आंबा सोलतानाही ओठांना असाच त्रास होतो. याला झाडाची माणसाविरुद्धची युद्धनीती म्हणायचा मोह होतो, पण मला ते पटत नाही. याच कुळातली अमेरिकेतली विषारी आयव्ही माणसाच्या अंगावर फोड आणते आणि शेळ्या ती खुशाल चरतात. रोख बहुधा बुरशी आणि किडीवर असावा. आपण मध्येच सापडलो.

काजूचं मूळ घर ब्राझील. पोर्तुगीजांनी १६व्या शतकात तो गोव्यात आणला. ब्राझीलमधल्या सेरा दा कापिव्हारा राष्ट्रीय उद्यानात कापुचिन माकडं बी दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने फोडतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या उत्खननात त्यांचे किमान ६०० वर्षांपूर्वीचे दगड सापडले, त्यावर काजूचे अंशही होते. म्हणजे कोलंबस यायच्या आधीच माकडांचा हा कारखाना चालू होता!

आपल्या कारखान्यांत बी भाजतात किंवा वाफवतात, मगच फोडतात. दुकानात ‘कच्चा’ म्हणून मिळणारा काजूही सहसा असाच उष्णता खाऊन आलेला असतो. पुरेसं तापलं की अ‍ॅनाकार्डिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डॅनॉल उरतं. फॉर्माल्डिहाइडशी त्याचा संयोग घडवला, की उष्णतेला दाद न देणारं रेझिन तयार होतं. त्याची पूड वाहनांच्या ब्रेकच्या अस्तरात जाते, कारण घर्षणाने तापूनही ती पकड सोडत नाही. जहाजांना लावायच्या काही रंगांतही कार्डॅनॉलपासून केलेली रसायनं असतात. लाकडी होड्यांना मात्र एवढा खटाटोप लागत नाही. कोकण-गोव्यात टरफलाचं तेल थेट लाकडावर फासतात, म्हणजे पाणी मुरत नाही आणि कीड लागत नाही.