चर्नी रोडच्या बागेतला ग्रंथपाल

गेल्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. मुंबईतील चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा पुस्तक घेऊन बसायचा. त्याच बागेत वाचायला येणाऱ्या एका शिक्षकाची नजर त्याच्यावर गेली. त्यांनी चौकशी केली आणि आपल्याजवळची पुस्तके त्याला द्यायला सुरुवात केली. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याच्या हाती ठेवले. पुढे शिक्षण पैशावाचून अडले, तेव्हा सयाजीराव महाराजांकडे त्यांनीच शब्द टाकला. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर आणि ते गुरुजी म्हणजे कृष्णाजी अर्जुन केळुस्कर.

ही गोष्ट आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. पण केळुस्कर गुरुजींनी नेमके काम कोणते केले, याचा विचार आपण करतो का? त्यांनी तीन कामे केली. वाचणारा मुलगा हेरला. त्याच्या वयाला आणि भुकेला लागेल ते पुस्तक दिले. आणि पुस्तक मिटल्यावर पुढचा रस्ता कोणता, तेही दाखवले. जगातल्या प्रगत देशांत सार्वजनिक ग्रंथालयातून हेच काम करणारा एक स्वतंत्र माणूस असतो. बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींचा ग्रंथपाल. त्याला त्यासाठी शिक्षण मिळते, पगार मिळतो. आपल्या वस्तीत असा माणूस कुठे आहे?

काही दिवसांपूर्वी एका तालुक्याच्या गावी व्याख्यानाला गेलो होतो. समाजमंदिराला लागून अभ्यासिका आहे. बाबासाहेबांची सुंदर तसबीर, वीस-पंचवीस खुर्च्या, स्पर्धा परीक्षेचे जाडजूड गाईड आणि काचेच्या कपाटात कुलूपबंद खंड. मी बसलो असताना आठवी-नववीतली एक मुलगी दारात आली. "दादा, गोष्टीचं पुस्तक आहे का?" किल्ली सांभाळणारा तरुण म्हणाला, "बाळ, इथं एमपीएससीची पोरं बसतात. मोठी झालीस की ये." मुलगी गेली.

मला त्या तरुणाचा राग आला नाही. तो बिनपगारी काम करतो. ट्यूबलाईट गेली तर पदरचे पैसे घालतो. कार्यक्रम संपल्यावर तोच माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, ती पोरगी परत गेली ते बरं नाही झालं. पण मला हे काम कुणी शिकवलंच नाही. शिकायचं कुठं?" त्याला तेव्हा धड उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे.

पहिली वाट सरकारी. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली ग्रंथालय संचालनालय आहे आणि 'अ' पासून 'ड' पर्यंत वर्गातली हजारो अनुदानित ग्रंथालये आहेत. संचालनालयाची ग्रंथालय प्रमाणपत्र परीक्षा असते. तिचे वर्ग ग्रंथालय संघांच्या मार्फत चालतात आणि त्याला पदवीची अट नाही. पदवी असेल तर ग्रंथालय शास्त्राची एक वर्षाची पदवी घेता येते. घर आणि रोजगार सोडणे शक्य नसेल त्याच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आहे. गावाकडच्या तरुणाने जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन एवढी माहिती हक्काने मागावी. हा कागद हाताशी असल्याशिवाय नोकरीच्या रांगेत उभेही राहता येत नाही, म्हणून तो मिळवलाच पाहिजे.

पण त्या कागदावर थांबू नये. या अभ्यासक्रमांचा भर दाखल नोंदवही, वर्गीकरण, तालिकीकरण आणि देवघेव यांवर आहे. पुस्तक कुठे ठेवायचे ते त्यात कळते. दारात आलेल्या मुलीशी काय बोलायचे, ते त्यातून फारसे कळत नाही.

आणि पुस्तक कुठे ठेवायचे, हा प्रश्नही दिसतो तितका साधा नाही. आपल्याकडे सर्रास शिकवली जाते ती मेलविल ड्यूई यांची दशांश पद्धत. तिच्यात २०० ते २९९ हे आकडे धर्माचे. त्यातले २२० ते २८० ख्रिस्ती धर्माला दिले गेले आणि जगातले बाकीचे धर्म २९० च्या घरात कोंबले गेले. बौद्ध धम्माच्या वाट्याला आला २९४.३. याच ड्यूईंनी १८८७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथपालांची पहिली शाळा काढली. पुढे १९१३ साली बाबासाहेब शिकायला गेले ती हीच कोलंबिया. परंतु ज्यूंना प्रवेश नाकारणारा क्लब चालवल्याबद्दल ड्यूईंवर टीकेची झोड उठली आणि १९०५ साली त्यांना न्यूयॉर्क राज्याच्या ग्रंथपालपदाचा राजीनामा द्यावा लागला. २०१९ साली अमेरिकन ग्रंथालय संघटनेने आपल्या पदकावरून त्यांचे नाव काढून टाकले. ग्रंथपालाचा धंदा शिकताना त्याचा हा इतिहासही शिकला पाहिजे. कपाटाची मांडणी करणाऱ्याच्या मनातला भेद कपाटातही उतरतो.

यावर उपाय काय, तेही त्याच न्यूयॉर्कमध्ये सापडते. हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या सार्वजनिक ग्रंथालयात १९३७ साली ऑगस्टा बेकर नावाची कृष्णवर्णीय तरुणी बालग्रंथपाल म्हणून रुजू झाली. मुलांच्या पुस्तकांत तिला काळी माणसे दिसायची ती विदूषक म्हणून, नाहीतर नोकर म्हणून. १९३९ पासून तिने वेगळा संग्रह उभा केला. काळ्या मुलाला आपला चेहरा सन्मानाने दिसेल अशीच पुस्तके त्यात घेतली. १९४६ साली त्या पुस्तकांची यादी छापून निघाली. त्याच वर्षी बाबासाहेब कृष्णवर्णीयांचे विचारवंत डु बॉईस यांच्याशी पत्रव्यवहार करत होते. ऑगस्टा बेकर १९६१ साली न्यूयॉर्कच्या सगळ्या शाखांमधील बालविभागांच्या प्रमुख झाल्या. त्यांचे मोठे हत्यार कोणते होते? एक यादी! आपल्या अभ्यासिकेतल्या तरुणाला अशी यादी करायला कोणी अडवले आहे? तेरा वर्षांच्या मुलीने वाचावीत अशी पन्नास मराठी पुस्तके, ज्यांत तिची वस्ती, तिची आई, तिचा इतिहास लाज न वाटता भेटेल. ती करायची म्हणजे आधी ती पन्नास स्वतः वाचायची. ग्रंथपालाचे सगळ्यात मोठे प्रशिक्षण तेच.

दुसरी वाट लोकांच्या पुढाकाराची. टाटा ट्रस्टच्या 'पराग' उपक्रमाने मुलांच्या ग्रंथालयात काम करणाऱ्यांसाठी 'लायब्ररी एज्युकेटर्स कोर्स' सुरू केला. त्याच्याशी जोडलेली गोव्याची 'बुकवर्म' संस्था २००५ पासून हेच काम करते आहे. पुस्तक मोठ्याने कसे वाचावे, त्यावर मुलांना बोलते कसे करावे, न वाचणाऱ्या मुलाला जवळ कसे आणावे, हे तिथे हाताने करून शिकता येते. दिल्लीत 'द कम्युनिटी लायब्ररी प्रोजेक्ट' वर्गणी आणि अनामत न घेता ग्रंथालये चालवतो, कारण जातीने ज्यांना पुस्तकापासून दूर ठेवले त्यांच्यासाठी दारातली रक्कम हीसुद्धा भिंतच असते. एवढा विचार जरी आपल्या अभ्यासिकांनी घेतला तरी पुष्कळ झाले.

तिसरी वाट पैसे नसणाऱ्याची. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टींची पुस्तके फुकट उतरवून घेता येतात. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक संगणकावर खुले आहेत. आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाची अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या सेवेविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २०१८ साली नव्याने निघाली, तीही मोफत आहेत. इंग्रजी जमणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाने महिन्यातून एक रविवार देऊन ती वस्तीतल्या पोरांना मराठीत समजावून सांगावीत. आणि नोंदणीकृत ग्रंथालय असेल तर बालविभाग उभारण्यासाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडे योजना आहे. तिचा अर्ज आपल्या किती संस्थांनी आजवर केला?

सरकारलाही सोडता कामा नये. शेजारच्या कर्नाटकाने २०१९ साली ग्रामपंचायतींची पाच हजारांहून अधिक ग्रंथालये पंचायत राज खात्याकडे घेतली आणि २०२० साली गावातल्या मुलामुलींना मोफत सभासद करून घेण्याची मोहीम काढली. मग महाराष्ट्राला काय अडचण आहे? प्रमाणपत्र अभ्यासक्रमात बाल आणि युवा सेवेचा स्वतंत्र विषय हवा. अनुदान पुस्तकांना पुरत नाही आणि ग्रंथपालाच्या पोटालाही पुरत नाही, त्यामुळे शिकलेला माणूस टिकत नाही. त्याला माणसासारखे वेतन हवे. या मागण्या चळवळीच्या निवेदनात शिष्यवृत्तीच्या शेजारी बसल्या पाहिजेत.

पण सरकार देईल तेव्हा देईल. आपण काय करणार? शिक्षणाने नोकरीत गेलेल्या बांधवांनी समाजाचे ऋण फेडायचे ही आपली परंपरा. एका तालुक्यातील दहा नोकरदारांनी मिळून एका मुलाची किंवा मुलीची ग्रंथालय शास्त्राची फी भरावी. एका जयंतीच्या डीजेच्या भाड्यात एक ग्रंथपाल तयार होतो! आणि त्यात मुलींना पहिली संधी द्यावी. अभ्यासिकेच्या टेबलामागे ताई बसलेली दिसली की दारातल्या मुलीचे पाऊल आत पडते.

बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते पुस्तके मावावीत म्हणून. पुस्तक कुलपात ठेवून त्याला हार घालणे हे त्यांना मानवले असते का?

परवा त्या तरुणाचा फोन आला. प्रमाणपत्र वर्गाचा अर्ज भरला म्हणाला. कपाटाची किल्ली आता टेबलावरच असते. ती मुलगी अजून आलेली नाही. मी त्याला म्हटले, तिची वाट बघत बसू नको. केळुस्कर गुरुजी उठून त्या मुलाजवळ गेले होते. तूही दोन पुस्तके पिशवीत घाल आणि तिच्या गल्लीत जा.