न दिसणाऱ्या थेंबाचा शोध

शरीरातील एखादे जनुक सदोष असल्यास त्याची निर्दोष प्रत पेशींपर्यंत पोहोचविणे, हे जनुकोपचाराचे सूत्र होय. ही प्रत वाहून नेण्याचे काम बहुधा विषाणूकडे सोपवितात. त्याची मूळ जनुके काढून त्या जागी औषधी जनुक बसविलेले असते. आरपीई-६५ या जनुकाच्या दोषामुळे दृष्टी जाणाऱ्या रुग्णांसाठी असलेले 'लक्स्टर्ना' हे असेच औषध. त्यास अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली. 'एएव्ही' नावाचा विषाणू त्यात वाहक आहे.

हे औषध गोठलेल्या स्थितीत रुग्णालयात येते. तेथील औषधशाळेत ते वितळवून, दहापट विरल करून सिरिंजमध्ये भरावे लागते. एका डोळ्याच्या ०.३ मिलिलिटर मात्रेत सुमारे १५,००० कोटी वाहक कण असतात. यातील मिलिलिटरचा हजारावा भाग जरी मेजावर उडाला, तरी ५० कोटी कण तेथे पडतात. कणाचा व्यास सुमारे २५ नॅनोमीटर. असे ४०,००० कण ओळीने मांडावेत तेव्हा एक मिलिमीटर भरतो. मेज मात्र स्वच्छच दिसते.

यात धोका कोणता? एएव्ही माणसास रोग जडवितो असे आढळलेले नाही. तथापि हे कण दुसऱ्या रुग्णाच्या औषधात मिसळता कामा नयेत. शिवाय ते औषधनिर्मात्याच्या शरीरात शिरल्यास प्रतिपिंडे निर्माण होऊ शकतात. आणि पुढे त्यालाच त्या वाहकाचा उपचार घ्यावा लागला, तर तो निष्फळ ठरण्याची भीती असते.

म्हणून पृष्ठभागांची परीक्षा करतात. जैवसुरक्षा कपाटाचा तळ, कुपीची बाहेरील बाजू, हातमोजे, दाराची मूठ अशा जागा ठरवून, मोजलेल्या क्षेत्रावरून ओला बोळा फिरवितात. कामापूर्वी, कामानंतर व सफाईनंतर असे तीन वेळा नमुने घेतले, तर दूषण केव्हा झाले आणि सफाईने ते गेले की नाही, हे कळते. कोठेही न फिरविलेला कोरा बोळाही सोबत तपासतात. त्यावरून परीक्षेतीलच दोष उघड होतो. बोळ्यावरील डीएनए 'पीसीआर' पद्धतीने वाढवितात. प्रत्येक आवर्तनात तो जवळजवळ दुप्पट होत असल्याने २० आवर्तनांत एका प्रतीच्या दहा लाख होतात.

या परीक्षेस एक मर्यादा आहे. ती डीएनए मोजते. कण कार्यक्षम आहे की निकामी, हे सांगत नाही. म्हणून आढळलेला प्रत्येक अंश धोकादायक मानता येत नाही. पण द्राव कोठवर पोहोचला, याचा तो साक्षीदार असतो.

सफाईतही विवेक हवा. अल्कोहोल मेदाचे आवरण असलेल्या विषाणूंचा नाश करते; एएव्हीला तसे आवरण नसल्याने त्यावर अल्कोहोलचा भरवसा धरता येत नाही. तेथे सोडियम हायपोक्लोराइटसारखे द्रव्य लावून पृष्ठभाग ठरलेला वेळ ओला ठेवावा लागतो व नंतर पुसावा लागतो, कारण ते धातूस गंज आणते. ही सफाई पुरेशी झाली की नाही, याचा निर्णय डोळ्यांवर न सोपविता पुढच्या बोळ्यावर सोपवावा, हेच उत्तम.