आजी-आजोबांचे पोट का बिघडते?

डिंगोरे, उदापूर, ओतूर या पट्ट्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांना तब्येत विचारली, की गुडघ्यांच्या खालोखाल तक्रार येते ती पोटाची. ‘पोट साफ होत नाही’, ‘दोन घास खाल्ले की डब्ब होते’, ‘गॅस धरतो’. रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी नॉर्मल आली, की घरचे म्हणतात, ‘म्हाताऱ्यांच्या मनाचे खेळ’. त्रास मात्र खरा असतो.

याला कार्यात्मक पचनविकार म्हणतात. यात आतड्यात गाठ किंवा जखम नसते. आतड्याची हालचाल, संवेदना आणि मेंदूशी असलेला ताळमेळ बिघडलेला असतो. बद्धकोष्ठता, अपचन आणि आयबीएस हे त्याचे नेहमीचे प्रकार. रोज शौचाला झालेच पाहिजे, असा नियम नाही. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणे, खडा होणे, कुंथावे लागणे, मोकळे न वाटणे अशी लक्षणे महिनोन् महिने टिकली, तर ती बद्धकोष्ठता समजावी.

कारणे घरातच सापडतात

दात पडले की भाकरी आणि कडधान्ये सुटतात; चहा-बिस्किट आणि मऊ भात उरतो. रात्री लघवीला उठावे लागते म्हणून पाणी कमी प्यायले जाते. गुडघ्यांमुळे बसवत नाही म्हणून शौचाची कळ दाबली जाते. लोहाच्या, कॅल्शियमच्या, रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनीही आतडे मंदावते. थायरॉइड, मधुमेह आणि कंपवात हीही कारणे असू शकतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी तर जठरात व्रण होऊ शकतो.

एक फसवे लक्षण लक्षात ठेवावे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला अचानक सारखे पातळ होऊ लागले, तर तो जुलाब असेलच असे नाही. आत घट्ट मळ अडकून त्याच्या बाजूने पातळ मळ झिरपत असतो. अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी दिली, तर त्रास वाढतो.

काय करावे?

सकाळच्या चहा-न्याहारीनंतर आतड्याची हालचाल वाढते. तीच शौचाची वेळ ठरवावी. कमोडवर बसताना पायांखाली छोटा पाट ठेवावा. भाकरी चावत नसेल, तर ती आमटीत किंवा दुधात कुस्करावी. पालेभाजी, पपई, पेरू रोजच्या जेवणात असावेत. इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच घ्यावा. गिळायला त्रास असेल तर टाळावा. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असल्यास पाणी किती प्यावे, हे डॉक्टरांना विचारावे. गॅसची गोळी वर्षानुवर्षे मनाने घेऊ नये.

थांबू नये असे केव्हा?

शौचातून रक्त, डांबरासारखे काळे शौच, वजन घटणे, रक्त कमी होणे, घास अडकणे, वारंवार उलट्या किंवा साठीनंतर नव्याने सुरू झालेला पोटाचा त्रास, यांपैकी काही आढळले तर ‘वय झाले’ म्हणून सोडू नये. अशा वेळी दुर्बिणीच्या तपासणीची गरज पडू शकते. पोट फुगून शौच आणि वारा दोन्ही बंद झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, छातीच्या मध्यभागी किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब, घाम, धाप किंवा मळमळ एकदम सुरू झाली, तर तो गॅस समजून सोडा पाजत बसू नये. वृद्धांमध्ये, विशेषतः मधुमेहींमध्ये, हृदयविकाराचा झटकाही असाच येतो. अशा वेळी लगेच १०८ ला फोन करावा.