गुडघ्यातलं ‘वंगण’ आणि पेशींची शेती

कळसूबाई चढताना दम निघतो, पण गुडघ्याची खरी परीक्षा उतरताना होते. १६४६ मीटरवरून, लोखंडी शिड्या उतरत बारी गावात पोचेपर्यंत वीकएन्ड ट्रेकर्सच्या ग्रुपमधला कुणीतरी गुडघा धरून बसलेला असतोच. अकोले तालुक्यातली ही ट्रिप संपते आणि सोमवारी ऑफिसातला एखादा तज्ज्ञ निदान करून मोकळा होतो, "तुझं वंगण संपलं रे!"

वंगण राहू द्या बाजूला. गुडघ्यात खराब होण्यासारख्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. हाडांच्या मधली चंद्रकोरीसारखी गादी म्हणजे मेनिस्कस. आणि हाडांच्या टोकांवरचा जेमतेम दोन ते चार मिलिमीटरचा गुळगुळीत थर म्हणजे कूर्चा. कूर्चेची गोची अशी की तिच्यात रक्तवाहिन्याच नाहीत, त्यामुळे जखम आपोआप भरत नाही. एकदा गेलेली कूर्चा परत येत नाही, हे ब्रिटिश डॉक्टर विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लिहून ठेवलं होतं. तिच्यात नसाही नाहीत, म्हणून सुरुवातीला दुखतही नाही.

मग गुडघाच बदलायचा? हे ऑपरेशन घराघरांत माहीत झालं ते २००० मध्ये, वाजपेयींच्या ब्रीच कँडीतल्या मुक्कामामुळे. पण तिशीतल्या माणसाला कृत्रिम सांधा बसवणं डॉक्टर शक्यतो टाळतात. तो आयुष्यभर पुरेल याची खात्री नसते.

लहान खड्ड्यासाठी सोपा इलाज म्हणजे मायक्रोफ्रॅक्चर. दुर्बिणीतून हाडाला बारीक भोकं पाडायची. आतून रक्त येतं, गाठ धरते आणि नवी कूर्चा तयार होते. मात्र ही कूर्चा मूळच्यापेक्षा राठ, टिकायला कमी.

दुसरा फंडा पेशींच्या शेतीचा. टिश्यू कल्चरची डाळिंबाची रोपं लावणाऱ्या नगरकरांना तो वेगळा समजावायला नको! गुडघ्याच्या कमी भार पडणाऱ्या भागातून कूर्चेचा छोटा तुकडा काढतात, लॅबमध्ये काही आठवडे पेशी वाढवतात आणि दुसऱ्या ऑपरेशनमध्ये त्या खड्ड्यात भरतात. स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या डॉक्टरांनी २३ पेशंट्सवरचा हा प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्याकडे मुंबईच्या रीग्रो बायोसायन्सेसच्या अशा उपचाराला २०१७ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी परवानगी दिली.

पण हा इलाज सरसकट सगळ्यांसाठी नाही. बाकी गुडघा ठणठणीत आणि पडल्या-आपटल्यामुळे एकाच जागी खड्डा, अशी केस हवी. सगळा सांधाच झिजला असेल, तर पेशी टाकणं म्हणजे खडकावर पेरणी. पाय वाकडे असतील किंवा लिगामेंट तुटलं असेल, तर आधी ते दुरुस्त करावं लागतं. शिवाय काही आठवडे कुबड्या, महिनोन्‌महिने फिजिओ आणि खेळात परतायला साधारण वर्ष. बॉसकडे तेवढी रजा आहे का, हा प्रश्न ऑपरेशनच्या आधीच सोडवलेला बरा!

खरी भीती वेगळीच आहे. ‘एका इंजेक्शनमध्ये नवी गादी’ अशा जाहिरातींची. स्वतःच्या रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सची, म्हणजे पीआरपीची इंजेक्शनं सध्या जोरात चालतात. ऑस्ट्रेलियात २८८ पेशंट्सवर झालेल्या आणि २०२१ मध्ये छापून आलेल्या चाचणीत, झिजलेल्या गुडघ्यांसाठी ती साध्या सलाइनपेक्षा सरस ठरली नाहीत. स्टेम सेलच्या बाबतीत २०२२ मध्ये बंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्सच्या एका उत्पादनाला गुडघ्याच्या संधिवातासाठी परवानगी मिळाली. म्हणून स्टेम सेलच्या नावाखाली विकलं जाणारं प्रत्येक पॅकेज मान्यताप्राप्त होत नाही. तेव्हा चेक फाडण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी बिनधास्त विचारा. खड्डा किती मोठा? बाकी कूर्चा कशी आहे? आणि या उपचाराला परवानगी नेमकी कशासाठी आहे?

पहिल्या तपासणीसाठी नगरकरांनी थेट पुणे गाठायलाच हवं असं नाही, लोणीच्या प्रवरा मेडिकल कॉलेजातही अस्थिरोग विभाग आहे. आणि तोवर एक बिनखर्चाचा उपाय: वजन एक किलोनं उतरलं, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो.